ऐकू येतं, पण कळत नाही: असं का होतं?

‘ते लगेच निघाले. मी ठरवलं. तू परत ये.’ ही तीन वाक्यं एकदा मोठ्यानं म्हणा. पहिल्याच्या सुरुवातीला ‘तेल’ आहे, दुसऱ्याच्या ‘मीठ’ आणि तिसऱ्याच्या ‘तूप’. तीन वाक्यांत महिन्याचा अर्धा किराणा दडलाय, आणि मी सांगेपर्यंत बहुतेकांना तो दिसलाही नसेल.

कागदावर दिसत नाही, कारण छापताना शब्दांमध्ये जागा सोडलेली असते. बोलताना ती जागा कोणीच सोडत नाही. मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि त्याच्या तरंगांचं चित्र दाखवणारं एखादं ॲप उघडा. ‘ते’ आणि ‘लगेच’ यांच्यात फट सापडणार नाही, आवाज सलग वाहत गेलेला दिसेल. शांतता दिसते, पण ती भलत्याच ठिकाणी, शब्दांच्या पोटात. ‘पत्ता’ म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि हवा अडते. तेवढा वेळ, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून थोडा जास्त, जवळपास काहीच आवाज नसतो. तरी ‘पत्’ आणि ‘ता’ असे दोन शब्द आपल्याला कधी ऐकू येत नाहीत. म्हणजे शब्द कुठे संपला हे आवाज सांगत नाही, ऐकणारा ठरवतो. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

सोलापूरकरांना याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. मराठी घरातला माणूस साखर पेठेतून किंवा कन्ना चौकातून चालत गेला की कानावर तेलुगू पडतं. येत नसेल तर पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘किती भरभर बोलतात हे लोक!’ कन्नडबद्दल हेच म्हणतात, आणि तेलुगू घरातली नवी सून मराठीबद्दल हेच म्हणते. माणूस साधारणपणे सेकंदाला चार ते सात अक्षरं बोलतो, भाषा कोणतीही असो, त्यात थोडंफार इकडेतिकडे. भरभर कोणी बोलत नसतं. आपल्याला सांधे सापडत नाहीत, म्हणून सगळं एका दमात आल्यासारखं वाटतं.

मग तान्ह्या बाळाला ते कसे सापडतात? त्याच्याकडे ना शब्दकोश, ना अंकलिपी. १९९६ साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या तिघांनी अमेरिकेत आठ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. तीन-तीन अक्षरांचे काही निरर्थक शब्द बनवले, ते एकामागोमाग सलग, कुठेही न थांबता आणि एकाच सुरात, फक्त दोन मिनिटं ऐकवले. नंतर बाळांना हे ‘शब्द’ आणि शब्दांच्या सांध्यावरचे तुकडे यांतला फरक कळत होता. हिशोब असा: ‘सो’ नंतर ‘ला’ आणि ‘ला’ नंतर ‘पूर’ पुन्हापुन्हा येतं. ‘पूर’ नंतर मात्र काहीही येऊ शकतं: सोलापूरला, सोलापूरहून, सोलापूर लई तापलंय. जिथे पुढचं अक्षर ओळखणं अवघड होतं, तिथे शब्द संपला असावा. हा हिशोब आठ महिन्यांचं पोर दूध पितापिता करतं, आणि आपण म्हणतो त्याला अजून काही कळत नाही.

आता कानाकडे. पडद्यावर आदळलेला आवाज तीन चिमुकल्या हाडांतून आत जातो आणि कॉक्लिया नावाच्या अडीच वेढ्यांच्या, द्रवानं भरलेल्या नळीत पोचतो. उलगडली तर ही नळी साधारण ३५ मिलिमीटर भरते. तिच्या तोंडाशी बारीक, उंच सूर पकडले जातात आणि टोकाशी जाड, खालचे. मेंदूला खबर पोचवण्याचं मुख्य काम ज्या केसपेशी करतात, त्या एका कानात जेमतेम साडेतीन हजार असतात आणि माणसाच्या कानात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. एवढं पुरे. कानाचं यंत्र सुरेख आहे, पण कोणता सूर किती जोरात आला एवढंच ते सांगतं. ‘क’ आला की ‘ग’, हे त्याला ठाऊक नाही.

पण ‘क’ ऐकला की ‘क’ कळला, यात अवघड ते काय? ‘की’ आणि ‘कू’ म्हणायच्या तयारीत रहा, पण म्हणू नका. ‘कू’ साठी ओठ आधीच गोल झालेत, ‘की’ साठी पसरलेत. पुढचा स्वर ‘क’ मध्ये अगोदरच शिरलेला असतो. म्हणून ‘की’ मधला ‘क’ आणि ‘कू’ मधला ‘क’ हे आवाज म्हणून वेगळे असतात, आपल्याला ते एकच वाटतात इतकंच. उखळात कुटलेल्या शेंगा चटणीतून दाणे, लसूण आणि तिखट पुन्हा वेगळं काढायला सांगावं, तसं हे काम आहे. आणि ते सेकंदाला डझनभर वेळा करायचं.

हे शास्त्रज्ञांनाही एका फसलेल्या यंत्रामुळे कळलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत अंधांना छापील मजकूर वाचून दाखवणारं यंत्र बनवायचं चाललं होतं. कल्पना साधी होती: प्रत्येक अक्षराला एक वेगळा सूर द्यायचा, माणसं सूर शिकतील आणि ऐकून वाचतील. माणसं शिकलीही, पण फारच मंद गतीनं. वेग वाढवला की सूर एकमेकांत मिसळून नुसती गुरगुर व्हायची. बोलणं मात्र त्याच्या कितीतरी पट वेगानं कळतं. अ‍ॅल्व्हिन लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग प्रश्नच उलटा केला: बोलण्यात असं काय आहे, जे या सुरांत नाही? बोलण्यात अक्षरं एकामागे एक रांगेत येतच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. एकाच क्षणाच्या आवाजात मागच्या, चालू आणि पुढच्या अक्षराची खबर एकत्र असते. आपल्याला जो गुंता वाटतो, त्याच्यामुळेच वेग साधतो.

याच प्रयोगशाळेतली एक गोष्ट मराठी वाचकानं आवर्जून माहीत करून घ्यावी अशी आहे. ‘काडी, खाडी, गाडी’ हे तीन शब्द म्हणा. जीभ तीनही वेळा एकाच जागी टेकते. फरक मुख्यतः वेळेचा आहे. जीभ सुटल्यापासून कंठ थरथरायला किती वेळ लागला? ‘ग’ मध्ये कंठ आधीपासूनच थरथरत असतो, ‘क’ मध्ये जीभ सुटताच थरथरू लागतो, ‘ख’ मध्ये आधी हवेचा झोत जातो आणि मग थरथर येते. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजायचं काम. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ साली अकरा भाषांत ही वेळ मोजली, आणि त्या अकरांत मराठी होती. तीन गट वेळेनं नीट वेगळे झाले. ‘घ’ नं मात्र घोळ घातला. ‘गाव’ आणि ‘घाव’ यांतला फरक नुसत्या वेळेनं सुटेना, कारण ‘घ’ मध्ये थरथर आणि श्वास दोन्ही बरोबर चालतात. आपण पहिलीत ‘क ख ग घ’ घोकतो, ती चौकड जगातल्या बऱ्याच भाषांत नाही.

यातला खरा चमत्कार ऐकण्यात आहे. यंत्रानं ‘ब’ पासून ‘प’ पर्यंत हळूहळू, पायरीपायरीनं सरकणारे आवाज बनवले, तर ऐकणाऱ्याला ते सरकणं जाणवत नाही. काही पायऱ्यांपर्यंत ‘ब, ब, ब’ आणि मग एकदम ‘प, प, प’. मधलं काही नाही. आवाजात उतार असतो, डोक्यात पायरी असते. १९७१ साली पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एक आणि चार महिन्यांच्या बाळांनाही ही पायरी ऐकू येते.

पायऱ्या कुठे घालायच्या हे मात्र घरची भाषा ठरवते. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक आपल्याला इतका उघड वाटतो की त्याबद्दल काय बोलायचं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडात हिंदीतले हेच दोन आवाज इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना. मधल्या चार महिन्यांत त्यांचा कान बिघडला नव्हता. घरात हा फरक कोणी वापरत नाही, तर तो पकडून ठेवण्यात अर्थ नाही, एवढं त्यांचं ठरलं होतं.

इथे एक पोटतिडकीची गोष्ट सांगतो. आपल्या शहरात पोरं घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी आणि दखनी, शाळेत आणखी वेगळं काहीतरी ऐकतात. बोली तेलुगू आणि कन्नडमध्ये महाप्राण, म्हणजे ख, भ यांसारखी श्वासाच्या झोतासह म्हणायची अक्षरं, सैल असतात, त्यामुळे अशा घरातलं मूल ‘खूप’ चं ‘कूप’ आणि ‘भात’ चं ‘बात’ करतं. शुद्धलेखनातही ते उतरतं. मग वहीवर लाल शाई आणि शेरा: ‘लक्ष देत नाही.’ त्याचं लक्ष असतं. त्याच्या डोक्यात ती पायरी अजून ठळक झालेली नसते, इतकंच. दहा वेळा लिहून घेण्यापेक्षा तोंडापुढे हात धरून ‘बात–भात’ म्हणायला लावा. तळव्याला झोत लागला की फरक कुठे आहे ते त्याला आधी हाताला कळतं, मग कानाला.

आणि बाळाच्या पहिल्या वर्षाचं हे महत्त्व पाहता, जन्मल्यावर लगेच श्रवणचाचणी करणं ही चैन नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानलेला दंडक आहे. ‘मुलगा उशिरा बोलतो, मामावर गेलाय’ म्हणत दोन वर्षं काढली, तर पायऱ्या घालायचा सगळ्यात सोपा काळ हातातून गेलेला असतो.

आता गोंगाटात येऊ. त्याची आपल्याकडे कमी नाही.

रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक आवाज पूर्ण कापून काढला आणि तिथे खोकला चिकटवला. वीस जणांना ऐकवलं. एकोणीस जण म्हणाले, काहीच गाळलेलं नाही, खोकला नुसता मागे ऐकू आला. उरलेल्या एकानं भलताच आवाज गाळलेला सांगितला. खोकला नक्की कुठे आला, हेही कोणाला धड सांगता येईना. खोकल्याऐवजी तिथे नुसती शांतता ठेवली, तर फट लगेच कळते. म्हणजे आवाज झाकला गेला असावा असं मानायला जागा असली, तर मेंदू तो स्वतःहून भरतो, आणि भरलाय हे आपल्याला सांगतही नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यात माग चालू असताना उभं राहा. धोट्याच्या मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जाणं नेहमीचं. आपल्या कायद्यानं आठ तासांसाठी ९० हीच मर्यादा धरलीय. तिथे नवखा माणूस बधिर होतो, आणि जुने कामगार दोन मागांपलीकडून एकमेकांशी बोलत असतात. नीट पाहिलं तर ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, ओठ जरा जास्त हलवतात, हात वापरतात. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांत अशा ओठांच्या बोलण्याला ‘मी-मॉ’ असं नावच पडलं होतं.

ओठ बघणं ही फक्त बहिऱ्यांची गोष्ट आहे, असा एक गैरसमज आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये ‘बा’ असा आवाज ‘गा’ म्हणणाऱ्या चेहऱ्याच्या चित्रफितीवर चढवला. बघणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना तिसरंच ऐकू आलं: ‘दा’. डोळे मिटले की ‘बा’, उघडले की पुन्हा ‘दा’. युक्ती ठाऊक असली तरी ती चालूच राहते, इंटरनेटवर शोधून स्वतःवर करून बघा. करोनात मास्क लावल्यावर बँकेच्या काउंटरवर ‘काय म्हणालात?’ का वाढलं होतं, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. मास्कनं आवाज दबतो तो दबतोच, शिवाय ओठ जातात.

अपेक्षेचा वाटा याहूनही मोठा. बाजार समितीत कांद्याचा लिलाव ऐका. पुकारणारा ज्या वेगानं आकडे फेकतो, त्यात बाहेरच्या माणसाला एक अक्षर लागत नाही, आणि व्यापारी बोटं हलवत निवांत उभा असतो. त्याचा कान तुमच्यापेक्षा तीक्ष्ण नाही. पुढे येणारा शब्द आकडा असणार, तोही मागच्या बोलीच्या जवळचा, हे त्याला आधीच ठाऊक असतं. जॉर्ज मिलर आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्येच दाखवलं होतं की शक्य शब्दांची संख्या कमी असेल तर कितीतरी जास्त गोंगाटातही ते ओळखता येतात. उलटंही खरं आहे. चालू गप्पांच्या रेकॉर्डिंगमधून एखादा शब्द कापून एकटा ऐकवला, तर लोकांना सुमारे निम्मेच शब्द ओळखता येतात. वाक्यात तो स्वच्छ ऐकू आला होता ना? ती स्वच्छता वाक्यानं पुरवलेली होती.

आणि हे सगळं शब्द संपेपर्यंत थांबून होत नाही. ‘शें’ ऐकलं की शेंगा, शेंडी, शेंदूर, शेंबूड असे सगळे एकदम डोकं वर काढतात. पुढचं अक्षर आलं की न जुळणारे गळतात. सोलापुरी घरात जेवणाच्या ताटावर ‘शें’ आलं, तर शेंगा आधीच जिंकलेल्या असतात. विल्यम मार्स्लेन-विल्सन यांनी १९७३ मध्ये असे लोक शोधले, जे ऐकलेलं बोलणं पाव सेकंदाच्या अंतरानं जसंच्या तसं परत म्हणू शकत होते. पाव सेकंद म्हणजे जेमतेम एक-दीड अक्षर. समोरच्याचा शब्द पुरा होण्याआधीच त्यांचा सुरू व्हायचा.

अंदाज चालत असतो, म्हणून तो कधी चुकीच्या बोलीवर बेतलेला निघतो. पुण्याहून नवीन बदली होऊन आलेल्या माणसाला ‘काय करायलास बे?’ ऐकून क्षणभर थांबावं लागतं. पण अनोळखी उच्चाराशी कान फार लवकर जुळवून घेतो. एका अभ्यासात परकी धाटणीचं इंग्रजी ऐकणाऱ्यांना सुधारायला एक मिनिटही लागलं नव्हतं. ‘बे’ म्हणजे शिवी नाही, हे पटायला मात्र महिने जातात.

जानेवारीत होम मैदानावर गड्डा यात्रेत फिरताना पाळण्यांचे भोंगे, भेळवाले, रडणारी पोरं यांच्यातून आपण शेजारच्याचं बोलणं निवडून काढतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली. एकाकडे लक्ष दिलं की दुसऱ्यातलं जवळजवळ काहीच लोकांना सांगता येईना, बाईचा आवाज होता की बुवाचा एवढंच. आपलं नाव मात्र कुठूनही ऐकू येतं, असं आपण मानतो. १९५९ च्या नेव्हिल मोरे यांच्या प्रयोगात दुर्लक्षित कानात आलेलं स्वतःचं नाव साधारण एक तृतीयांश लोकांनाच कळलं होतं. तेव्हा यात्रेत हाक मारूनही नवऱ्यानं वळून पाहिलं नाही, तर एकदा संशयाचा फायदा द्यावा.

शीर्षकातली तक्रार घरोघरी साठीपुढच्या माणसांची असते, आणि मागावर आयुष्य गेलेल्यांची त्याही आधी. ‘आवाज येतोय रे, पण काय म्हणतोस ते कळत नाही.’ घरच्यांना हे नाटक वाटतं, कारण कुकरची शिट्टी बाबांना बरोबर ऐकू येते. स्वर जोरकस असतात आणि त्यांची ताकद खालच्या सुरांत असते. स, ट, थ यांसारखी व्यंजनं दुबळी आणि त्यांची खूण वरच्या सुरांत. वयानं वरचे सूर आधी जातात. गोंगाटानं बिघडलेल्या कानात पहिला खड्डा साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. म्हणजे बोलणं चालू आहे हे कळतं, शब्द कोणता ते नाही. ‘साठ’ आणि ‘आठ’ एक होतात. साध्या फोन लाइनवर ही अडचण तरुण कानांनाही येते, कारण तिथून फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो आणि ‘स’ चा बराचसा सळसळाट त्याच्या वर राहतो. भाव ठरवताना माणसं ‘साठ, सहा-शून्य’ असं फोडून सांगतात ते उगाच नव्हे.

अशा माणसाशी आपण ओरडून बोलतो. ओरडण्यानं स्वर फुगतात, व्यंजनं जवळपास तिथेच राहतात, आणि बाबा म्हणतात, ‘ओरडतोस कशाला?’ त्यांचं बरोबर असतं. पंखा-टीव्ही कमी करून, समोर बसून, तोंडावर उजेड पडेल असं, थोडं सावकाश बोलावं. नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगावं, आणि आधी विषय सांगावा: ‘लाइट बिलाचं विचारतोय.’ विषय कळला की शक्य शब्द कमी होतात, बाजार समितीतल्या व्यापाऱ्यासारखे.

श्रवणयंत्र घेतलं तरी पहिले काही आठवडे भांडी आदळल्याचे आणि पंख्याचे आवाजच जास्त बोचतात, कारण मेंदूला हे हरवलेले सूर पुन्हा ओळखीचे व्हायला वेळ लागतो. बरीच यंत्रं त्याच काळात कपाटात जातात. तपासणीला गेलात तर शिट्ट्यांसारखे सूर ऐकवून आलेख काढतात. त्यावर थांबू नका, शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावण्याचीही चाचणी असते, ती मागा. ती घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतच व्हायला हवी. तेलुगू घरातल्या आजीला मराठी शब्दांची यादी ऐकवून काढलेला आकडा कानाचा असतो की भाषेचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.